बारा दिवसांतले अठरा तास: १२८ जीबीच्या मेमरी कार्डाचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

सौर पट्टीवर आणि सिमकार्डावर चालणारा कॅमेरा आता आमच्या आर्वी भागात पुष्कळ वावरांत दिसतो, त्यामुळे त्याची ओळख करून देत बसत नाही. रात्रपाळीची वीज, रोही (नीलगायी) आणि रानडुकरे, विहिरीवरच्या केबलच्या चोऱ्या हे सगळे ज्याच्या मागे लागले आहे, त्याला तो का बसवावा लागतो हे चांगले ठाऊक आहे. हा अनुभव त्या कॅमेऱ्यात घातलेल्या मेमरी कार्डाचा आहे. ते एका मोठ्या खरेदी संकेतस्थळावरून, नामांकित कंपनीचे नाव छापलेल्या पाकिटात, तालुक्याच्या दुकानातल्या भावापेक्षा बरेच स्वस्त मिळाले होते.

सुरुवातीचे काही महिने तक्रारीला जागाच नव्हती. मोबाइलवर थेट चित्र येत होते, बसवल्या दिवशी चित्रीकरण मागे नेऊन पाहिले तर तेही चालत होते आणि कार्डाची क्षमता ११९ जीबी दिसत होती. हा आकडा पाहून काहींना शंका येते, परंतु तो बरोबर आहे. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरते आणि संगणक १०२४ च्या पटीत मोजतो, म्हणून खऱ्या १२८ च्या कार्डावरही एवढेच दिसते. नकली कार्ड बनवणाऱ्यांना हेही माहीत असते.

हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवसांत विहिरीपासून स्टार्टरच्या पेटीपर्यंतची केबल कोणीतरी रात्री कापून नेली. पोलिसांनी चित्रीकरण मागितले. ॲपमध्ये त्या रात्रीची यादी उघडली, तर दहा-दहा मिनिटांच्या फायली तारीख, वेळ आणि आकारासह ओळीने लावलेल्या होत्या. एकीवर बोट ठेवले की काळा पडदा येई; दुसरीवर ठेवले तरी तेच. आदल्या दिवसाच्या फायलीही तशाच होत्या. मात्र आठवडाभर आधीच्या एका दिवसाचे चित्रीकरण अगदी स्वच्छ निघाले. त्यात शेजाऱ्याची म्हैस धुऱ्यावरून तुरीत शिरते, थांबते, कॅमेऱ्याकडे पाहते आणि पुन्हा तुरीत तोंड घालते. तिच्या गळ्यातली तुटकी दोरीसुद्धा दिसते. म्हैस दिसते आणि चोर दिसत नाही, अशा या यंत्राचा संताप कोणालाही येईल.

स्वाभाविकपणे सगळा राग कॅमेऱ्यावर निघाला. त्याच्या सेवा केंद्राने कार्ड फॉरमॅट करायला, म्हणजे सगळे पुसून कोरे करायला सांगितले. तसे करताच चित्रीकरण पुन्हा व्यवस्थित चालू झाले आणि दुसऱ्या दिवशी ‘तक्रार निवारण झाले’ असा संदेश आला. थोड्याच दिवसांत पुन्हा काळा पडदा, पुन्हा फोन, पुन्हा फॉरमॅट. फोनवरच्या प्रत्येक नव्या माणसाला म्हशीपासून सगळे पहिल्यापासून सांगावे लागे, आणि प्रत्येक जण शेवटी फॉरमॅटवरच येऊन थांबे. त्या काळात मी अभिप्रायात कॅमेऱ्याला पाचपैकी एक तारा देऊन टाकला होता.

हे मत बदलले ते तालुक्याच्या ठिकाणी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या एका तरुणामुळे. त्याने कार्ड संगणकाला लावले, ‘एच-टू-टेस्ट-डब्ल्यू’ नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम चालवला आणि संध्याकाळी या म्हणाला. हा प्रोग्राम कार्ड काठोकाठ भरतो आणि लिहिलेले सगळे परत वाचून जुळवतो. १२८ जीबी लिहून वाचायला काही तास लागतात. संध्याकाळी गेलो तेव्हा तो एवढेच म्हणाला, “काकाजी, हे कार्ड आठचंच हाय.”

यातली युक्ती समजून घेण्यासारखी आहे. कार्डाच्या आत एक नियंत्रक चिप असते आणि किती जागा आहे हे कॅमेऱ्याला किंवा मोबाइलला तीच सांगते. तिच्यातला प्रोग्राम बदलून ८ जीबीच्या कार्डाला १२८ म्हणायला लावतात. आठच्या पलीकडे जे लिहिले जाते ते ती मुकाट्याने स्वीकारते आणि टाकून देते, किंवा काही कार्डांत जुन्यावरच लिहिते. फायलींची यादी मात्र कार्डाच्या सुरुवातीच्या खऱ्या जागेत राहते, म्हणून नावे शाबूत आणि आत काही नाही. माझा कॅमेरा साधारण सेकंदाला एक मेगाबिट या वेगाने लिहितो, म्हणजे दिवसाला जवळपास १०.८ जीबी. खरे १२८ चे कार्ड त्या हिशेबाने बारा दिवसांनी भरते आणि मग सर्वांत जुने पुसून पुन्हा सुरुवातीपासून लिहिले जाते. या कार्डात त्या बारा दिवसांपैकी पहिले अठरा तासच टिकत होते. म्हैस त्या अठरा तासांत आली, चोर आले नाहीत. फॉरमॅट केल्यावर गाडी पुन्हा सुरुवातीला जाई, म्हणून सेवा केंद्राचा उपाय दर वेळी लागू पडल्यासारखा वाटे.

बोगस बियाणे ज्याने एकदा पेरले आहे त्याला हा प्रकार नवा वाटणार नाही: उगवण दिसते, झाड वाढते आणि बोंड धरायच्या वेळी खरे काय ते कळते.

हे समजल्यावर मी त्या कार्डाखालचे अभिप्राय पुन्हा वाचले आणि खरी चीड तेव्हा आली. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत यासाठी भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणले. ते ऐच्छिक म्हणून आणले. परंतु माझ्या मते या कार्डाखालचे बहुतेक अभिप्राय खोटे नव्हतेच. ‘वेळेवर मिळाले’, ‘पॅकिंग मस्त’, ‘पूर्ण जागा दाखवते’ हे सगळे त्या-त्या दिवशी खरेच होते. पहिल्या दिवशी हे कार्ड कोणालाही पाच तारे द्यायला लावील, आणि संकेतस्थळ अभिप्राय मागते तेही पहिल्याच आठवड्यात. परतीची मुदतही तेवढीच. पाकीट पाहूनही काही उमगत नाही. घरातल्या जुन्या अस्सल कार्डाशेजारी ठेवून भिंगाने पाहिले, तरी मला अक्षरांत फरक सापडला नाही.

बियाण्याची पिशवी, टॅग आणि पावती पीक हाती येईपर्यंत जपून ठेवायची आमच्या घरची सवय आहे, त्यामुळे कार्डाचे पाकीट आणि बिल दोन्ही सापडले. संकेतस्थळाने मुदत संपल्याचे सांगून हात वर केले. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याला चाचणीच्या निकालाचे चित्र पाठवले. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचे असते. पोच वेळेत आली. पैशांऐवजी आधी कूपन देऊ केले, ते मी नाकारले. नंतर पूर्ण रक्कम खात्यात आली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, हे मी त्या अधिकाऱ्याला पाठवलेल्या पत्रात लिहिले होते. त्याचा काही उपयोग झाला असावा.

आता कॅमेऱ्यात तालुक्याच्या दुकानातून पक्क्या बिलावर घेतलेले, सतत चित्रीकरणासाठी बनवलेले ‘हाय एन्ड्युरन्स’ प्रकारचे कार्ड आहे. पाकिटावर ८५ अंश सेल्सिअसपर्यंत चालेल असे लिहिले आहे, आणि वैशाखात पत्र्याच्या खोक्यात तापणाऱ्या कॅमेऱ्याला त्याची गरज आहे. महाग पडले, हे खरे. पैसे देण्याआधी दुकानदाराकडूनच संपूर्ण चाचणी करून घेतली. त्याने तोंड वाकडे केले, पण केली. कॅमेऱ्याचा तारा मी एकवरून चारवर नेला आहे. पाचवा देणार नाही, कारण लिहिलेले परत वाचून पाहण्याची साधी सोय त्याच्या ॲपमध्ये नाही आणि ती असती तर पहिल्याच आठवड्यात हा घोटाळा उघड झाला असता.

नकली कार्ड कोणी परत मागितले नाही. त्या तरुणाने त्यावर फक्त पहिल्या सात जीबीचा भाग आखून दिला आणि कामाचे काहीही त्यात ठेवू नका असे बजावले. सध्या ते ट्रॅक्टरच्या टेपमध्ये आहे आणि त्यात भजने भरली आहेत.