नागपूरच्या जुनी शुक्रवारीतलं पतंगाचं दुकान: सुती मांजा घ्यायचा असेल तरच जा

चार स्टार देऊन रायलो, पाचवा काहून कापला ते खाली आहे.

आधी माझी भानगड. मागच्या संक्रांतीला मी पण नायलॉनच उडवला, उगाच साळसूदपणा कशाला. हिरवी चक्री, एका पोट्ट्याकडून लपूनछपून घेतलेली, दिवसभर गच्चीवर ओ काट ओ काट, दहाबारा पेच जिंकले असतील, शेवटी माझाही कटला आणि उरलेला मांजा गुंडाळायचा कंटाळा आला म्हणून तोडून दिला सोडून, कुठे जाऊन पडला कोण पाहते. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाले भाऊ आले तं उजव्या हाताच्या दोन बोटांना फडकं. अंधारात गाडीवर गळ्याशी काहीतरी लागलं, हात मधात घातला म्हणून बोटांवर निभावलं. तुकडा खिशातच होता, काढून दाखवला. हिरवा. आता अर्ध्या मोहल्ल्याकडे हिरवाच होता, माझाच असेल असं काही नाही, पण मी "अरे बाप्पा" म्हटलं आणि दुधाचा गंज घेऊन आत आलो. हळद आईने नेऊन दिली.

तं यंदा या दुकानात गेलो. मुद्दामच विचारलं, काका नायलॉन आहे का? काका म्हणाले "हाव, आहे ना" आणि काउंटरखालून पोतं ओढलं. आत नुसते गुंते, हिरवे, गुलाबी, जांभळे, एकात तं घारीचं पीस अजून अडकून होतं. त्यांची स्कीम अशी की झाडावरचा, रस्त्यावरचा मूठभर गुंता आणून द्या, एक पतंग फुकट घेऊन जा. विजेच्या तारेवरचा आणला तं पतंग नाही, वरून शिव्या. मी उभा होतो तेवढ्या वेळात तीन पोट्टे येऊन गेले.

मग लेक्चर चालू. हरित लवादाने 2017 मध्ये देशभर नायलॉन मांजावर बंदी घातली, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, तरी विकणारे विकतेच, आणि संक्रांतीला उड्डाणपूल बंद ठेवायची पाळी पोलिसांवर येते. सेमिनरी हिल्सला जखमी पक्षी-प्राण्यांवर उपचार करतात त्या ट्रान्झिट सेंटरमध्ये पंख कापलेले पक्षी येतात ते वेगळंच. त्यातलं मला एकच नवीन होतं. सुती धागा पावसाळ्यात सडून जातो, नायलॉन वर्षानुवर्षं तसाच लटकून राहतो, म्हणजे संक्रांत संपली तरी तो संपत नाही. बोलतात बरोबर, पण मागे गिऱ्हाईक उभं आहे याचं भान नाही, अर्धा तास गेला.

मालाचं सांगतो. साधी सुती सद्दी घेतली, काच बिच नाही, चक्रीसकट साडेतीनशे. बोटं कापत नाहीत, हातात छान बसते, ढील द्यायला मजा येते. गाठी मात्र आहेत, माझ्या चक्रीत तीन निघाल्या आणि दोनदा तिथूनच तुटली, म्हणून तो पाचवा स्टार. पतंग एकदम मस्त, कागद पातळ पण काडी सरळ, कन्नी, म्हणजे मांजा जोडायची पतंगावरची दोरी, काका स्वतः बांधून देतात.

आणि हो, खरं सांगायचं तं हरलो. शेजारच्या गच्चीवर नायलॉन होता, त्याच्यापुढे सद्दी काय टिकणार, दुपारपर्यंत अकरा पतंग गेले, माझ्या पोराने तं बोलणंच टाकलं होतं. संध्याकाळी मात्र तोच पिशवी घेऊन गल्लीत फिरत होता, तीन गुंते झाले म्हणे, म्हणजे तीन पतंग.

जाणाऱ्यांसाठी: गाडी चौकातच लावा, आत गल्लीत वळत नाही. दुपारी दोन ते चार काका जेवायला जातात. ऑनलाइन पेमेंट चालते पण नेटवर्क नसते, सुट्टे न्या.