जुनी नृत्यरचना पुन्हा बसवताना: नृत्यलिपी की चित्रफीत?

पूर्व विदर्भातील वडसा-ब्रह्मपुरी भागातील एखादे मंडळ किंवा महाविद्यालय मंडईच्या, म्हणजे गावोगावच्या जत्रांच्या, हंगामासाठी जुनी दंडार (इकडचे लोकनृत्य-नाट्य) अथवा एखादी आधुनिक नृत्यरचना पुन्हा बसवू पाहत असेल, तर ती नृत्यलिपीवरून, म्हणजे हालचाली चिन्हांनी कागदावर लिहिलेल्या नोंदीवरून, बसवायची की चित्रफितीवरून, हे आधी ठरवावे. कारण त्यावरच दिग्दर्शकाकडून काय अपेक्षा ठेवायची हे ठरते.

चित्रफीत सहज मिळते, तर लिपी वाचणारा माणूस जिल्ह्यात शोधूनही सापडणे कठीण आहे. परंतु चित्रफितीत एका रात्रीचा एकच प्रयोग असतो. त्या रात्री कोणाचा ठेका चुकला असेल किंवा मंच अरुंद म्हणून रिंगण आवळले असेल, तर तेही रचनेचाच भाग समजून गिरवले जाते, आणि मागच्या रांगेतील पावले दिसतच नाहीत. शिवाय समोरून केलेले चित्रण पाहून मुले आरशासारखी नक्कल करतात, तेव्हा डावे-उजवे उलटते आणि जोडीदाराची टिपरी भलत्याच बाजूने येते. येथे दिग्दर्शकाला प्रत्येक ठिकाणी चूक कोणती आणि रचना कोणती, याचा निवाडा करावा लागतो.

नृत्यलिपीचे तसे नाही. नृत्यसिद्धांतकार रुडॉल्फ लाबान यांनी १९२८ मध्ये प्रसिद्ध केलेली लिपी खालून वर वाचतात. मधल्या उभ्या रेषेच्या डावीकडे नर्तकाचे डावे अंग आणि उजवीकडे उजवे अंग लिहिलेले असल्यामुळे वर सांगितलेला गोंधळ होत नाही. चिन्हाच्या आकारावरून दिशा कळते आणि लांबीवरून वेळ. गुडघा वाकवून टाकलेले पाऊल काळ्या भरलेल्या चिन्हाने, तर टाच उचलून टाकलेले पाऊल तिरप्या रेषांच्या चिन्हाने दाखवतात. तरीही हालचालीमागचा भाव, तिचा जडपणा, नजरेतील ओढ यांपैकी पुष्कळसे लिपीत आलेले नसते. ते दिग्दर्शकालाच भरावे लागते, आणि माझ्या मते त्याची खरी कसोटी येथेच लागते. लिपी वाचणारा नसला तर काय होते, याचेही एक उदाहरण आहे. रशियन बॅले नर्तक निजिन्स्की यांनी ‘फॉन’ या वनदेवतेवरची आपली १९१२ मधील बॅलेरचना १९१५ मध्ये स्वतःच्या लिपीत उतरवली होती. नृत्यलिपीच्या अभ्यासक ॲन हचिन्सन गेस्ट आणि क्लॉडिया येश्के यांनी ती लिपी १९८० च्या दशकात उलगडेपर्यंत ती रचना मुख्यतः नर्तकांच्या आठवणींवरच तगून होती.

म्हणून अमेरिकन आधुनिक नृत्यरचनाकार डोरिस हम्फ्री यांच्यासारख्यांची लिपिबद्ध रचना घ्यायची असेल, तर लिपीचीच वाट धरावी. मात्र लिपी वाचणाऱ्याच्या जोडीला त्या शैलीत स्वतः नाचलेला दिग्दर्शक असावा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखी वा अन्य रूपात नोंदलेली नृत्यरचना नाट्यकृतीत मोडते. तेव्हा हक्क शिल्लक असल्यास हक्कधारकाची लेखी परवानगी आधी घ्यावी.

दंडारीची लिपी हाताशी नसेल, तर निरनिराळ्या रात्रींच्या चित्रफिती आणि गावातील जुने जाणते दंडारकर यांच्या आधारे काम करावे. दिग्दर्शकाने वही ठेवून प्रत्येक फेरीच्या मात्रा, वळण्याची बाजू आणि कोण कोणाच्या समोर येतो हे लिहावे. जाणत्यांची आठवण आणि चित्रफीत यांत फरक पडल्यास दोन्ही रूपे नोंदवावीत आणि यंदाच्या प्रयोगासाठी त्यांपैकी कोणते, का घेतले, हेही त्याच पानावर लिहावे.