अ‍ॅरन की बाँड्स? सही असलेली, सामन्यात खेळलेली बॅट घेण्याआधी

बेसबॉलच्या बॅटी जमवताना या खेळाची दंतकथा झालेल्या बेब रूथचा विषय आधीच बाजूला ठेवू. 18 एप्रिल 1923 रोजी यांकी स्टेडियममधला पहिला होमरन (आपल्या षटकारासारखा फटका) त्याने ज्या बॅटने मारला, ती 2004 मध्ये सदबीजच्या लिलावात 12 लाख 65 हजार डॉलरला गेली. त्याच्या खालच्या पायरीवर खरा पेच आहे तो हँक अ‍ॅरन की बॅरी बाँड्स हा. कारकिर्दीतल्या होमरनच्या यादीत बाँड्स 762 वर, अ‍ॅरन 755 वर.

सही सगळ्यात शेवटी बघायची. हे मी पैसे घालवून शिकलो. माझी पहिली 'अ‍ॅरन' लुईव्हिल स्लगर या ब्रँडची होती. जाड भागावर डागलेलं त्याचं नाव, त्याच्या शेजारी निळ्या मार्करची सही. सही अस्सल निघाली, बॅट मात्र दुकानात पोरांसाठी विकायची. मुठीच्या बोंडावर 33 हा लांबीचा आकडा ठोकलेला होता, आणि तो दुकानी मालावर असतो हे मला विकत घेतल्यावर कळलं. लाकडात डागलेलं नाव तर सहीसारखं दिसत असलं तरी कारखान्याचा छाप असतो, त्याला काडीची किंमत देऊ नका.

अ‍ॅरनच्या काळातली बॅट अ‍ॅश लाकडाची. अ‍ॅशवर सतत चेंडू बसला की रेषा उठतात, पापुद्रे सुटू लागतात. बोट फिरवलं तर नखाला लागतं. चेंडूच्या शिवणीचे ठसे, बॅटी ठेवायच्या खणाचा लागलेला रंग, मुठीवर पाइन टारचा (पकड घट्ट राहावी म्हणून लावायच्या डांबराचा) काळा चिकट थर, असं सगळं त्या लाकडावर वाचता येतं. तो उजव्या हाताने खेळायचा, बाँड्स डावखुरा. छाप वर ठेवून बॅट धरायची रीत असल्याने चेंडूचे डाग दोघांच्या बॅटीवर विरुद्ध बाजूंना साचलेले हवेत. चुकीच्या बाजूला सापडले तर विक्रेत्याला सरळ विचारा. मुठीला तडा असला तर बिचकू नका, उलट बॅट खेळल्याचीच ती खूण.

बाँड्सची बॅट मेपलची, ओटावाच्या सॅम बॅट कंपनीची. मेपल घट्ट लाकूड, त्याचे पापुद्रे सुटत नाहीत, मोडलं तर एकदम मोडतं. त्यामुळे वापराच्या खुणा कमी बोलक्या. हातात घेतल्यावर मला तरी ती थोडी मुकी वाटते.

पुराव्यात मात्र बाँड्स सरळ पुढे. मेजर लीग बेसबॉलने 2001 पासून क्रमांक असलेल्या होलोग्राम स्टिकरची पद्धत सुरू केली. मैदानात हजर असलेला तपासनीस, बहुतेकदा आजी-माजी पोलीस, वस्तू डोळ्यांसमोर ताब्यात घेऊन नोंद करतो. बाँड्सने एका हंगामात 73 होमरन मारले तेही 2001 मध्येच. फक्त क्रमांक टाकून नोंद वाचा: 'सामन्यात वापरलेली' म्हटलंय की नुसती 'सही केलेली'? शिवाय त्या काळचे फोटो इतके स्वच्छ आहेत की लाकडाची रेष न् रेष जुळवता येते. अ‍ॅरनच्या बॅटीला यातलं जवळजवळ काही नाही. तिथे छापाच्या धाटणीवरून काळ ठरवणं आणि कारखान्याच्या नोंदींशी मॉडेल, लांबी, वजन ताडून बघणं, एवढंच हाती उरतं.

बाँड्सची अडचण लाकडात नाही, नावात आहे. त्याने अ‍ॅरनला मागे टाकलं त्या 756 व्या होमरनचा चेंडू एका फॅशन डिझायनरने सुमारे साडेसात लाख डॉलरला घेतला, लोकांचं मत मागवलं आणि त्यावर विक्रम शंकास्पद असल्याची खूण म्हणून चांदणी (*) डागून कूपरस्टाउनच्या बेसबॉल संग्रहालयाला दिला. उत्तेजकांच्या संशयामुळे 10 वर्षं मतदान होऊनही 2022 पर्यंत त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या मानाच्या यादीत, जागा मिळाली नाही. पुढे दिवस पालटले तर भावही पालटेल, असा जुगार खेळायचा असेल तर खेळा.

अ‍ॅरन जानेवारी 2021 मध्ये गेला. त्याने हयातीत भरपूर सह्या केल्या, तेव्हा साठच्या दशकातल्या बॅटीवर मार्करची सही दिसली तर ती बहुधा निवृत्तीनंतरची; त्यात खोट काही नाही.

कुठलीही घ्या, आपल्या विलोच्या बॅटीला जवसाचं तेल पाजतो तसं काही करू नका, आणि पाइन टार पुसायला तर मुळीच जाऊ नका. खिडकीसमोरही टांगू नका. माझी एक निळी सही तीन उन्हाळ्यांत जांभळट झाली.

पहिलीच खरेदी असेल तर होलोग्राम असलेली बाँड्सची घ्या. मी स्वतः मात्र अजून चांगल्या अ‍ॅरनच्या शोधात आहे, आणि आता बोंड आधी बघतो.