पुण्याच्या उन्हाळ्यात जुनी बिअर टिकते का? छोटा वाइन कूलर दहा महिने वापरल्यावर

आमचं घर कोथरूडला, सगळ्यात वरच्या मजल्यावर. एप्रिल-मेच्या दुपारी स्लॅब असा तापतो की बंद खोलीत पारा ३६ वर असतो. त्याच खोलीतल्या कपाटात दोन वर्षं जपलेल्या माझ्या नऊ बाटल्या गेल्या. उघडल्यावर ओल्या पुठ्ठ्यासारखी चव. बिअरला हवा लागली आणि वर उष्णता मिळाली की हेच होतं. अजून हळहळ वाटते.

मग आधी एक पेल्टियर पद्धतीचा, म्हणजे कॉम्प्रेसर नसलेला कूलर घेतला. आवाज अजिबात नाही, पण खोली ३६ वर गेली की आत २० च्या खाली उतरेना. परत केला. फेब्रुवारीत हा कॉम्प्रेसरचा घेतला, एकोणीस हजारांना पडला.

त्याच महिन्यात लंडनहून आतेभाऊ आला. परदेशातून करमुक्त दारू आणायची दोन लिटरची सवलत पुरेपूर वापरून त्याने अर्ध्या लिटरच्या चार बाटल्या आणल्या: फुलर्स व्हिंटेज एल ही लंडनची कडक बिअर, दोन २०१९ च्या, दोन २०२३ च्या. १९९७ पासून ही दरवर्षी मर्यादित प्रमाणात निघते, ८.५ टक्के अल्कोहोल, बाटलीतच जिवंत यीस्ट. एक २०१९ आम्ही लगेच उघडली आणि चव वहीत लिहून ठेवली. दुसरी या कूलरमध्ये अख्खा उन्हाळा काढणार होती.

कूलरबद्दल सांगायचं तर डिस्प्लेवरच्या आकड्यावर जाऊ नका. मी पाण्याच्या बाटलीत थर्मामीटर सोडून बघतो. १२ वर लावला की वरच्या कप्प्यात १३.५ असतं, मे महिन्यातही फार तर १४. जुन्या बिअरला एवढं चालतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी चार तास वीज गेली तेव्हा दार उघडलं नाही, १५ च्या वर गेलं नाही. कप्पे आडव्या वाइनसाठी आहेत आणि बिअर उभी ठेवायची असते, गाळ तळाशी बसायला हवा. म्हणून दोन कप्पे काढले, आता बावीस बाटल्या मावतात. दार काचेचं आहे, त्यावर जाड पडदा लावलाय, कारण उजेडाने हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) बिघडतात आणि कुबट वास येतो. पावसाळ्यात खोक्यांवर बुरशी धरली, ही माझी खरी तक्रार. आता आत सिलिका जेलच्या पुड्या असतात. रात्री कॉम्प्रेसर सुरू झाला की ऐकू येतो, बेडरूममध्ये ठेवू नका.

दिवाळीत दुसरी २०१९ आणि एक २०२३ शेजारीशेजारी ओतली. २०२३ च्या बाटलीत संत्र्याच्या सालीचा कडवटपणा अजून धारदार. २०१९ काळ्या मनुका, खजूर, शेवटी किंचित शेरीसारखी. वही काढली, फेब्रुवारीत हेच लिहिलं होतं. पुठ्ठा कुठेही नाही. बाबा सहसा एक घोट घेऊन पेला खाली ठेवतात. त्यांनी तो पुन्हा उचलला आणि म्हणाले, "अरे, ही काकवीसारखी लागतेय." एकच बिअर, मध्ये फक्त चार वर्षं. मी बाटल्या जमवतो ते या फरकासाठी.

आयपीए (भरपूर हॉप्सची बिअर) किंवा साधी लागर मात्र यात अडकवू नका. हॉप्सचा ताजा वास काही महिन्यांत उडतो.

सप्टेंबरमध्ये बायकोने ब्रसेल्सहून ऑर्व्हल या बेल्जियन बिअरच्या सहा बाटल्या आणल्या, ३३० मिलीच्या, म्हणजे १.९८ लिटर. हिच्या लेबलवर भरल्याची तारीख असते आणि आतलं ब्रेटानोमायसेस यीस्ट उरलेली साखर हळूहळू खात राहतं, त्यामुळे ठेवल्यावर चव बदलत जाते. पहिली परवा उघडली, हॉप्सचा वास अजून भरपूर आहे. पुढची जूनमध्ये.