मुंबई लोकलचा युनिव्हर्सल पास: खिडकी चोख, निर्णय उशिरा

कोविडच्या काळात मुंबई परिसरातल्या नोकरदारांचा सगळ्यात जास्त राग ओढवून घेणारी सेवा कोणती, असं विचारलं तर दोन डोस घेतलेल्यांसाठीचा लोकलचा पास हेच उत्तर मिळेल. सेवा केव्हाच बंद झाली. तरी तिचं परीक्षण नीट लिहून ठेवायला हवं, कारण पुढे कधी साथ आलीच तर प्रशासन आधी हाच साचा हाती घेईल. त्यातलं काय चाललं आणि काय लोकांच्या मुळावर आलं, हे वेगवेगळं पाहिल्याशिवाय तो सुधारणार नाही.

आधी पार्श्वभूमी. २०२० च्या मार्चमध्ये थांबलेली लोकल १५ जून २०२० पासून फक्त अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांसाठी धावू लागली. ऑक्टोबरात महिलांना गर्दीच्या वेळा सोडून मुभा मिळाली. १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांसाठी दार उघडलं, पण वेळा बांधून: पहिल्या गाडीपासून सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ ते शेवटची गाडी. दुसऱ्या लाटेत, एप्रिलमध्ये, तेही गेलं.

राग खऱ्या अर्थानं पेटला तो जूनमध्ये, आणि त्याचं कारण निर्बंध हे नव्हतं. कारण होतं मोजपट्टीचं. ४ जून २०२१ च्या आदेशानं राज्यानं पाच स्तर जाहीर केले, ७ जूनपासून ते लागू झाले. बाधितांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या आत आणि ऑक्सिजनच्या खाटा २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेल्या, तर पहिला स्तर, म्हणजे जवळपास सगळं खुलं. कुठल्याही सामान्य माणसाला कळेल असा हा नियम होता. लोक दर आठवड्याला आपल्या शहराचे आकडे पाहू लागले. जूनच्या अखेरीस मुंबईचे आकडे पहिल्या स्तरात बसत होते. त्याच सुमारास, २५ जूनला, नवा आदेश आला: डेल्टा प्लस या विषाणूच्या नव्या प्रकाराच्या धोक्यामुळे कुठलाही जिल्हा तिसऱ्यापेक्षा सैल, म्हणजे पहिल्या-दुसऱ्या स्तरात येणार नाही, आणि बाधितांचं प्रमाण काढताना फक्त आरटीपीसीआर चाचण्याच धरायच्या. म्हणजे आकडे गाठले तरी बक्षीस नाही, आणि मोजायची पद्धतही बदललेली. दुकानं दुपारी ४ ला बंद, उपाहारगृहं ४ पर्यंत निम्म्या क्षमतेनं, लोकल बंदच. जुलैभर व्यापारी, हॉटेलचालक आणि प्रवासी संघटना जे ओरडत होत्या ते याच मुद्द्यावर. ६ ऑगस्टला विरोधी पक्षानं स्थानकांवर आंदोलन केलं. ८ ऑगस्टला मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की १५ ऑगस्टपासून दोन्ही डोस घेऊन १४ दिवस उलटलेल्यांना लोकल खुली.

सरकारची भीती पोकळ नव्हती, हेही इथेच सांगायला हवं. साथीपूर्वी रोज ७५ लाखांहून अधिक माणसं या गाड्यांमधून जात होती. गर्दीच्या वेळी डब्यात एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ माणसं उभी असतात, तिथे अंतर पाळा म्हणण्याला अर्थ नाही. फेब्रुवारीत लोकल उघडली आणि पाठोपाठ लाट आली, ही आठवणही ताजी होती. पण भीती होती तर ती मोजपट्टी ठरवतानाच तिच्यात धरायला हवी होती. लोकांनी आकडे गाठल्यावर नव्हे.

आता प्रत्यक्ष सेवा. ११ ऑगस्टपासून सुरू झालेली स्थानकावरची पडताळणी हा या सगळ्यातला सर्वोत्तम भाग होता. मुंबई महापालिकेनं ५३ स्थानकांवर ३५८ मदत कक्ष उभे केले, महानगर क्षेत्रात मिळून १०९ स्थानकं. वेळ सकाळी ७ ते रात्री ११, दोन पाळ्यांत. दुसऱ्या डोसनंतर मिळालेल्या अंतिम प्रमाणपत्राची छापील प्रत आणि छायाचित्र असलेलं ओळखपत्र न्यायचं. कर्मचारी प्रमाणपत्रावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ते खरं आहे का पाहणार, दुसऱ्या डोसच्या तारखेपासून १४ दिवस मोजणार, प्रमाणपत्रावर आणि ओळखपत्राच्या प्रतीवर शिक्का मारणार. तीच कागदं शेजारच्या रेल्वेच्या खिडकीवर दाखवली की मासिक पास हातात. स्मार्टफोन नको, ॲप नको, पडताळणीचं शुल्क नको. घरकाम करणाऱ्या बाईपासून सुरक्षारक्षकापर्यंत कुणालाही जमेल अशी ही रचना होती, आणि इतक्या कमी दिवसांत ती उभी करणाऱ्या पालिका कर्मचाऱ्यांना पूर्ण श्रेय द्यायला हवं.

इथे अडत होतं ते बहुतेक करून तीन ठिकाणी. पहिल्या डोसनंतरचं तात्पुरतं प्रमाणपत्र घेऊन आलेला माणूस परत जायचा. 'अंतिम' हा शब्द आणि दोन्ही डोसच्या तारखा कागदावर असाव्याच लागत. दुसरं, प्रत फिकट निघाली असेल तर क्यूआर कोड स्कॅन होत नसे, म्हणून प्रमाणपत्र मोठ्या आकारात, गडद छापून नेणं श्रेयस्कर ठरे. तिसरं, प्रमाणपत्रातलं नाव आणि ओळखपत्रातलं नाव जुळत नसे: माहेरचं-सासरचं आडनाव, वडिलांचं नाव गाळलेलं, जन्मवर्ष चुकलेलं. त्यावर उपाय पालिकेच्या हातात नव्हता. केंद्राच्या लसनोंदणीच्या कोविन संकेतस्थळावर लॉगिन करून नाव, जन्मवर्ष, लिंग किंवा ओळखपत्राचा क्रमांक दुरुस्त करावा लागे, आणि ही दुरुस्ती एकदाच करता येत होती. त्यामुळे घाईनं नव्हे, आधार समोर ठेवून अक्षर न् अक्षर पाहूनच ती करायची.

शाईचा शिक्का भर पावसाळ्यात कागदावर मारला, हा मात्र कच्चा दुवा. प्रवासात जवळ ठेवायचा मूळ पुरावा भिजून पुसट होऊ शकतो, याचा विचार झालेला दिसत नाही. पातळ प्लास्टिकची पाकिटं किंवा पासच्या आकाराचं छापील कार्ड दिलं असतं तर हा प्रश्नच उरला नसता.

ऑनलाइन युनिव्हर्सल पास काही दिवसांनी आला. राज्याच्या ई-पास संकेतस्थळावर जाऊन दोन्ही डोस घेतलेल्या नागरिकांचा पर्याय निवडायचा, कोविनवर नोंदवलेला मोबाइल क्रमांक टाकायचा, ओटीपी भरायचा. त्या क्रमांकावर नोंदवलेल्या सगळ्यांची नावं समोर येत. आपल्या नावापुढे पास तयार करण्याचं बटण दाबलं की नाव, संदर्भ क्रमांक आणि डोसच्या तारखा आपोआप भरलेल्या दिसत. करायचं एवढंच की स्वतःचं छायाचित्र जोडायचं, फोनमधलं किंवा तिथल्या तिथे काढलेलं. मग ४८ तासांच्या आत एसएमएसवर दुवा येई, तो उघडून पास फोनमध्ये साठवून ठेवायचा.

कागदपत्रं चढवावी लागत नाहीत, ही या रचनेची खरी ताकद होती. दुबळेपणाही तिथेच होता: सगळा भार मोबाइल क्रमांकावर. लसीकरण केंद्रावर अनेकांची नोंद शेजाऱ्याच्या, मालकाच्या किंवा सोसायटीतल्या कार्यकर्त्याच्या क्रमांकावर झालेली असायची. ओटीपी जाणार त्या माणसाकडे. पहिला डोस एका क्रमांकावर आणि दुसरा दुसऱ्याच क्रमांकावर, नवीन नोंद करून घेतलेला असेल तर यंत्रणेच्या लेखी ते दोन वेगवेगळे लोक, दोघांचाही फक्त पहिला डोस. अंतिम प्रमाणपत्र निघणारच नाही. कोविनवर दोन पहिल्या डोसच्या नोंदी जोडण्याची सोय आल्यावर हे सुटू लागलं. मोबाइल क्रमांक चुकीचा असल्यास स्थानकावरच्या कक्षात जाणं हाच शहाणपणाचा मार्ग होता.

आणि ज्या नोंदी मुळातच खोट्या होत्या, त्यांचं काय? कांदिवलीच्या सोसायटीतलं बनावट लसीकरण जूनमध्ये उघड झालं आणि तशा शिबिरांमध्ये फसलेल्यांची संख्या दोन हजारांवर निघाली. क्यूआर कोड नोंद तपासतो, दंडात गेलेलं औषध नाही. या माणसांना पासच्या रचनेत वेगळी वाट ठेवलेली नव्हती.

सेवेतला सगळ्यात मोठा अन्याय मात्र खिडकीवर दिसत नव्हता. तो तारखांच्या हिशेबात होता. १३ मे २०२१ पासून कोविशील्डच्या दोन डोसमधलं अंतर किमान १२ आठवडे, म्हणजे ८४ दिवस झालं. त्यावर पासचे १४. एकूण ९८ दिवस. १५ ऑगस्टला गाडीत बसायचं तर दुसरा डोस १ ऑगस्टपर्यंत हवा, आणि ८४ दिवस मागे गेलं की पहिला डोस ९ मेच्या आत हवा. १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण सुरूच १ मेला झालं, आणि तुटवड्यामुळे राज्यानं ते मे महिन्यातच थांबवलं. म्हणजे ज्यांच्या नोकऱ्या लोकलवर अवलंबून होत्या त्या तरुणांपैकी बहुतेकांना पहिल्या दिवशी पास मिळणं गणितानंच अशक्य होतं. २१ जूनला सर्व प्रौढांना मोफत लस सुरू झाली. त्या दिवशी कोविशील्ड घेतलेल्याचा दुसरा डोस १३ सप्टेंबरच्या आधी नाही, पास २७ सप्टेंबरच्या आधी नाही. कोव्हॅक्सिनवाल्यांना २८ अधिक १४, म्हणजे ४२ दिवस पुरत. पण कुठली लस मिळेल हे केंद्रावरच्या साठ्यावर ठरत होतं.

सगळ्यात कठीण अवस्था दुसऱ्या लाटेत आजारी पडलेल्यांची. बरे झाल्यावर तीन महिने लस घ्यायची नाही, असा केंद्राचा नियम. ३० एप्रिलला बरा झालेला माणूस पहिला डोस ३० जुलैला घेणार, दुसरा २२ ऑक्टोबरला, आणि पास ५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. आजारपणात ज्याचा पगार बुडाला त्यालाच सर्वांत शेवटी गाडी. एक डोस घेतलेल्यांना फेब्रुवारीसारख्या बांधलेल्या वेळांत सोडता आलं असतं. त्या वेळा, त्या सूचना, सगळं तयारच होतं.

एकेरी तिकीट न देणं ही दुसरी ढोबळ चूक. ऑक्टोबरअखेरपर्यंत लस घेतलेल्यालाही फक्त मासिक पासच मिळत होता. आठवड्यातून एकदा कार्यालयात जाणारा, टाटा किंवा केईएम रुग्णालयात महिन्यातून एकदा तपासणीला जाणारा रुग्ण, मुलाखतीला निघालेली मुलगी, या सगळ्यांनी महिन्याचे पैसे भरायचे. यानं गर्दी कमी होत नाही. उलट पास काढलाच आहे म्हणून माणूस जास्त फेऱ्या करतो. २४ नोव्हेंबरला रेल्वेचं यूटीएस तिकीट ॲप युनिव्हर्सल पासशी जोडलं गेलं आणि फोनवरून तिकीट निघू लागलं. पडताळणी आधीच झालेली असताना ही जोडणी व्हायला तीन महिने लागायचं कारण नव्हतं.

गाड्यांमधली तपासणी जुजबीच होती. आपल्या स्थानकांना फिरती दारं नाहीत, पूल आणि फाटकं असंख्य, त्यामुळे खरी चाळणी तिकीट खिडकीवरच. ज्याला खिडकीनं नाकारलं त्याच्यापुढे दोन वाटा: विनातिकीट, किंवा अत्यावश्यक सेवेचं बनावट ओळखपत्र. दोन्हींवर कारवाया होत राहिल्या. रस्त्यावर मात्र बेस्टच्या बसला त्या ऑगस्टमध्ये लसीची अट नव्हती. ती सार्वजनिक वाहतुकीसाठी २७ नोव्हेंबरच्या आदेशानं आली. बदलापूर किंवा विरारहून निघालेला बिनपासाचा माणूस दोन-तीन बस बदलत, त्याच श्वासांच्या गर्दीत, दुप्पट-तिप्पट वेळ बसून मुंबई गाठत होता. संसर्गाच्या दृष्टीनं यातून काय साधलं, याचं उत्तर कुठल्याच आदेशात नव्हतं.

गुण द्यायचे तर स्थानकावरच्या कक्षांना पाचपैकी साडेचार, ऑनलाइन पासला तीन, तिकिटांच्या धोरणाला दीड, आणि निर्णयाच्या वेळेला एक.

सेवा संपली तीही न्यायालयाच्या दारातून वळसा घेऊन. लसीची अट घालणारे आदेश तत्कालीन मुख्य सचिवांनी आपत्ती व्यवस्थापनाच्या नियमांत सांगितलेली कार्यपद्धती न पाळता काढले, असं मत फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं नोंदवलं. राज्यानं ते आदेश मागे घेतले आणि १ मार्चच्या नव्या आदेशात दोन डोसची अट पुन्हा घातली. तोवर तिसरी लाट ओसरली होती आणि डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती. सगळे निर्बंध उठले ते १ एप्रिल २०२२ पासून, आदल्या दिवशी झालेल्या घोषणेनं. त्या दिवसापासून खिडकीवर प्रमाणपत्र मागणं बंद झालं.