स्पिरुलिनाचा 'बायबॅक' करार करायच्या आधी हा हिशोब करा

आमचं गाव मंठा तालुक्यात, लोणार तिथून जवळच. स्पिरुलिना म्हणजे वाळवून पूरक आहार म्हणून विकलं जाणारं निळं-हिरवं शेवाळ. 'बायबॅक' म्हणजे कंपनीने सामान आपल्याला विकायचं आणि निघालेला माल तिनेच विकत घ्यायचा. असा करार विकायला आलेल्या माणसाने सुरुवात लोणारपासूनच केली. "दादा, लोणारच्या सरोवरात हे शेवाळ आपोआप वाढतं. तुम्हाला तर नुसते हौद बांधायचेत." लोणारला स्पिरुलिना वाढतं हे खरं. पण ते पाणी मुळातच खारं आणि सोड्याचं आहे, सामू (पीएच) दहाच्या आसपास. आमच्या बोअरचं पाणी जड, म्हणजे कॅल्शियमसारखे क्षार जास्त असलेलं. हा फरक त्याला पक्का ठाऊक होता, आणि तेवढाच त्याने सांगितला नाही.

दहा बाय वीस फुटांचे चार हौद, शेडनेट, पाणी हलवणारी चाकं, 'मदर कल्चर' (म्हणजे बियाण्यासारखं वापरायचं जिवंत शेवाळाचं पाणी) आणि खताच्या गोण्या, सगळे मिळून साडेचार लाख. रोज चार किलो माल निघणार आणि तो कंपनी उचलणार, असं स्टॅम्पपेपरवर लिहून दिलं.

आता गणित बघा. चार हौद म्हणजे साधारण ७४ चौरस मीटर. उघड्या हौदात सगळं जुळून आलं तर चौरस मीटरमागे दिवसाला ८ ते १० ग्रॅम वाळलेला माल मिळतो. म्हणजे चारही हौदांचा मिळून पाऊण किलोच्या आतबाहेर. चार किलो हा आकडा ओल्या लगद्याचा, ज्यात ८० ते ९० टक्के पाणीच असतं. वजन ओल्याचं सांगायचं आणि भाव वाळलेल्याचा, सगळी लबाडी एवढ्यात आहे.

आणि 'सगळं जुळून येणं' मराठवाड्यात वर्षातून किती दिवस? याला पाणी ३० ते ३५ अंशांचं लागतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२ च्या वर जातो आणि वीतभर खोल पाणी झपाट्याने तापतं. चाळिशीच्या पुढे पीक पिवळं पडून कुजायला लागतं, वास सुटतो. थंडीत पाणी २० च्या खाली गेलं की वाढ जवळजवळ थांबते. पावसाने द्रावण पातळ होतं, सामू उतरतो आणि दुसरी शेवाळं घुसतात. विरळ कल्चरला तर कडक ऊनही सोसत नाही, रंग उडतो. म्हणून ते आधी सावलीत, टप्प्याटप्प्याने वाढवावं लागतं. त्यांच्या माणसांनी चार कॅन भरलेल्या हौदात एकदम ओतले, फोटो काढले आणि गाडीत बसून गेले.

उन्हाळ्यात उडालेलं पाणी आम्ही बोअरने भरत राहिलो. त्यातल्या कॅल्शियमची सोड्याशी गाठ पडली की पांढरा गाळ बसतो, पिकाला लागणारं स्फुरदही (फॉस्फरस) त्यात अडकतं. तळ पांढरा झाला, वरचं हिरवं फिकट झालं. फोन केला की एकच उत्तर, "सोडा वाढवा." वाढवायचा तोही त्यांच्याकडूनच घेऊन. त्या गोण्यांमध्ये मुख्यतः खायचा सोडाच असतो. लिटरला १६.८ ग्रॅम या प्रमाणात एका हौदाला ७५-८० किलो सहज लागतो, आणि आमच्याकडून त्याचे बाजारभावाच्या कितीतरी पट पैसे घेतले.

जो थोडा माल वाळवून पाठवला तो 'ओलावा जास्त' म्हणून परत आला. करारात बारीक अक्षरात होतं की गुणवत्ता कंपनीच ठरवेल. त्यानंतर फोन लागेना. आता हीच योजना नव्या नावाने परभणीकडे फिरते आहे असं कानावर आलंय, म्हणून हे लिहितोय.

कुणी दारात आलं तर एकच विचारा: वाळलेला माल, चौरस मीटरमागे किती ग्रॅम, मे महिन्यात किती आणि डिसेंबरमध्ये किती? चालू युनिट मे महिन्यात भर दुपारी जाऊन बघा. बोअरच्या पाण्याचा जडपणा आधी तपासून घ्या. मालाची तपासणी कोणती प्रयोगशाळा करणार आणि अन्नसुरक्षेचा परवाना कोणाच्या नावावर असणार, हे करारात लिहून मागा. पैसे पीक हाती येईल तसे, हप्त्याने द्या. खरं उत्पादन घेणारा माणूस या प्रश्नांना कंटाळत नाही. आमच्याकडे आलेला मात्र दर वेळी विषय लोणारवर नेत होता.

ज्यांनी सही केली आहे त्यांनी पावत्या, गोण्यांवरची लेबलं आणि फोनवरचे संदेश जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेत लेखी तक्रार द्या. आम्ही दिली आहे. एकट्याचं प्रकरण 'व्यवहारातला वाद' म्हणून बाजूला पडतं. एकाच मजकुराचे पाच-सहा करार टेबलावर आले, तर तसं म्हणणं अवघड जाईल. जालना, परभणी, हिंगोलीकडे असा करार कुणाकडे असेल तर त्यांनी आमच्यासोबत यावं.