कालवं, जायफळ की शेवगा?

लग्न ठरलं, किंवा लग्नाला दहा-बारा वर्षं झाली, की कोकणात कुणीतरी हळूच सुचवतंच: कालवं खा, रात्री दुधातून जायफळ घे, शेवगा सोडू नकोस. कामेच्छा वाढते म्हणून ही तिन्ही नावं पिढ्यान्‌पिढ्या घेतली जातात. यातलं काय निवडायचं हे ठरवताना मी दोन गोष्टी बघते. अंगाला नक्की काय मिळतं, आणि प्रमाण चुकलं तर काय होतं.

माझं पहिलं मत कालवांना. ओहोटीला खडप उघडे पडले की बायका कोयती घेऊन उकिडव्या बसतात. नेमका घाव बसला की वरची शिंप उडते आणि आत करडा, ओला गर दिसतो. वाटीभर जमेपर्यंत बोटं कापलेली असतात आणि भरती पायाशी येते. त्या वाटीत जेवढं जस्त असतं तेवढं इतर क्वचितच कुठल्या अन्नात सापडेल. जस्त कमी पडलं की पुरुषाचं टेस्टोस्टेरॉन घटतं, म्हणून ज्याला ती उणीव आहे त्याला कालवांचा खरंच उपयोग होतो. ज्याला नाही, त्याने दुप्पट खाऊन इच्छा दुप्पट होत नाही. कच्ची मात्र खाऊ नका. कालवं समुद्राचं पाणी गाळून जगतात आणि पाण्यातले जंतूही त्यांच्यात साठतात. आपलं कांदा-खोबऱ्याचं, नीट शिजलेलं सुकंच बरं. शिंपल्यांची ॲलर्जी असेल तर त्यांच्या वाटेला जाऊच नये.

जायफळाचं उलट आहे. ते आपल्याच नारळ-सुपारीच्या बागांत पिकतं, त्यामुळे घरचं म्हणून निर्धास्त वाटतं. कामेच्छेवरच्या परिणामाचे प्रयोग मुख्यतः उंदरांवर झालेत, माणसांबद्दल ठोस काही हाती नाही. आणि हेच जायफळ आपण सहाणेवर दोन वळसे उगाळून झोप येण्यासाठीही देतो, हे विसरू नये. श्रीखंडात, बासुंदीत चिमूटभर उत्तम. पण अख्खं जायफळ साधारण 5 ते 7 ग्रॅमचं असतं, आणि तेवढं पोटात गेलं तर मळमळ, धडधड, कोरडा घसा, भ्रमसुद्धा होतो. त्रास सुरू व्हायला काही तास लागतात. त्यामुळे ‘काहीच झालं नाही’ म्हणून माणूस आणखी घेतो, आणि तिथेच घात होतो. गरोदरपणी चिमटीच्या वर नकोच.

शेवग्याचा पुरावाही प्राण्यांवरच्या प्रयोगांपुरताच. तरी रोजच्या जेवणात मी त्याला जायफळाच्या वर ठेवते, कारण भाजीएवढा खाल्ला तर बहुतेकांना अपाय नाही. गोकुळाष्टमीला आंबोळ्यांसोबत शेवग्याच्या पाल्याची भाजी होते, शेंगा सुकटीत पडतात. लोह, प्रथिनं, जीवनसत्त्वं असा भक्कम ऐवज मिळतो आणि थकवा कमी झाला की बाकीचंही सुधारतं. उडदाचे लाडू याच रांगेतले. चरकसंहितेतल्या वाजीकरणाच्या, म्हणजे कामशक्ती वाढवण्याच्या, योगांत उडीद, दूध, तूप आहेतच. फक्त लाडवातलं तूप-गूळ मधुमेह असलेल्यांनी मोजून खावं.

एसटी स्टँडजवळ मिळणारी बिननावाची ‘शक्तीची’ चूर्णं या तुलनेत मी धरतच नाही. अशा ‘वनस्पतिजन्य’ पुड्यांत सिल्डेनाफिल हे ताठरतेसाठीचं औषध गुपचूप मिसळल्याचं अनेकदा तपासणीत सापडलं आहे. छातीत दुखण्यासाठी नायट्रेटची गोळी चालू असणाऱ्याचा रक्तदाब त्याने एकदम कोसळू शकतो.

ताठरतेची तक्रार तीन महिन्यांहून जास्त टिकली तर साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. लिंगाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा बारीक असतात. त्यामुळे हृदयविकाराची खूण कधी कधी तिथे काही वर्षं आधी दिसते. बाईची इच्छा कमी झाली असेल तर रक्तातलं लोह आणि थायरॉईडही बघायला सांगा. तोवर कालवांचं सुकं आणि शेवग्याची आमटी दोघांनी मिळून खायला हरकत नाही.